शस्त्रवैद्याची करवत

मराठीतील ‘करवत’ हा शब्द संस्कृत ‘करपत्र’ या शब्दावरून आला आहे. हे करपत्र सुताराप्रमाणेच शस्त्रवैद्याच्याही संग्रही असे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात वैद्याने बाळगावयाच्या वीस शस्त्रांची यादी दिली आहे. तीत करपत्राचे नाव अगदी आरंभी येते. त्याच ठिकाणी शस्त्रांचे आठ दोष सांगितले आहेत. शस्त्र वाकडे नसावे, बोथट नसावे, तुटके नसावे, त्याची धार खरखरीत नसावी. तसेच ते फार जाड, फार बारीक, फार लांब किंवा फार आखूडही नसावे. इतके सांगून झाल्यावर ग्रंथकार एक अपवाद करतो. खरखरीत धार हा इतर शस्त्रांचा दोष खरा, पण करपत्राच्या बाबतीत तो दोष मानू नये. कारण ते हाड कापण्यासाठीच असते.

या छोट्याशा अपवादात पुष्कळ शहाणपण साठविलेले आहे. कोणतेही हत्यार चांगले की वाईट, हे ते हातात घेऊन सांगता येत नाही. ते कोणत्या कामी, कोणाच्या हाती आणि कोणत्या परिस्थितीत येणार, हे पाहूनच सांगावे लागते. शस्त्रवैद्याच्या करवतीचा इतिहास पाहिला तर या विधानाची सत्यता पदोपदी पटते. लंडन येथील सायन्स म्यूझियममध्ये वेलकम संग्रहातील आणि तेथीलच हंटेरियन संग्रहालयात जुनी शस्त्रे काचेच्या कपाटांतून मांडलेली आहेत. अशा ठिकाणी गेलेला मनुष्य जुन्या करवती पाहून प्रथम शहारतो, आणि मग त्यांच्या हस्तिदंती मुठी व घोटीव पाती पाहून त्या कारागिरीची तारीफ करू लागतो. या दोन्ही भावना स्वाभाविक आहेत. परंतु या करवती कितपत उपयोगी होत्या, त्यांनी किती माणसे वाचविली आणि किती दगावली, या प्रश्नाचे उत्तर केवळ शहारण्याने किंवा तारीफ केल्याने मिळत नाही.

प्रथम हाड हा पदार्थ कसा आहे ते पाहिले पाहिजे. सुताराचे लाकूड कोरडे असते, ते बाकावर घट्ट बसविता येते, आणि कापताना काही बिघडले तर दुसरी फळी घेता येते. जिवंत माणसाचे हाड ओले असते. त्याच्या पोकळीत चरबीयुक्त मज्जा असते. करवत चालू लागली की हाडाचा भुसा, रक्त आणि चरबी यांचा चिकट लगदा होऊन तो दातांच्या फटीत बसतो व दात निकामी करतो. लाकूडकामाच्या करवतीचे दात आळीपाळीने किंचित डावीकडे व किंचित उजवीकडे वळविलेले असतात, म्हणजे पडणारी खाच पात्याहून थोडी रुंद होते आणि पाते अडकत नाही. हाडाच्या करवतीतही हीच युक्ती वापरीत. तीच सोय साधण्यासाठी काही कारागीर पाते दातांच्या बाजूस जाड व पाठीच्या बाजूस पातळ करीत. दात फार मोठे ठेवले तर हाडाचे कपचे उडतात, फार बारीक ठेवले तर ते लगेच तुंबतात. करवत बनविणाऱ्यास या दोहोंच्या मधला मार्ग शोधावा लागे.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी की, अवयव कापण्याच्या क्रियेत करवतीचे काम सर्वांत थोडे असते. कातडी व स्नायू सुरीने कापावयाचे असतात. रक्तवाहिन्या बंद करणे हे वेगळेच काम. आणि सर्व झाल्यावर हाडाचे टोक मांसाने व कातडीने झाकले जाईल अशी व्यवस्था करावयाची असते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात होऊन गेलेल्या सेल्सस या रोमन लेखकाने हे सर्व वर्णन केले आहे. अवयव सडू लागला असता निरोगी व सडक्या भागाच्या मधून हाडापर्यंत कापावे, हाड निरोगी मांसाच्या शक्य तितके जवळ लहान करवतीने कापावे, करवतीने खरखरीत झालेला हाडाचा भाग गुळगुळीत करावा आणि वरून कातडी ओढून घ्यावी, असे तो सांगतो. हाडाची धारदार कपची आत राहिली तर ती पुढे मांसात रुतते आणि जखम भरून येत नाही, हे त्या काळच्या वैद्यांनाही ठाऊक होते.

तथापि सेल्ससनंतर दीड हजार वर्षे या शस्त्रक्रियेची फारशी प्रगती झाली नाही. याचे कारण करवत वाईट होती हे नव्हे. रक्त थांबविता येत नव्हते हे खरे कारण होय. स्ट्रासबर्ग येथे १५१७ साली हान्स फोन गेर्सडोर्फ या शस्त्रवैद्याने युद्धातील जखमांविषयी एक पुस्तक छापले. त्यात पाय कापण्याचे एक चित्र आहे आणि वैद्याच्या हाती चौकटीची करवत दाखविली आहे. ही करवत म्हणजे लोखंडी कमानीत ताणून बसविलेले अरुंद पाते. पाते अरुंद असल्यामुळे ते हाडात घासले जात नसे आणि मोडले तर बदलता येत असे. एका टोकास असलेल्या मळसूत्राने ते हवे तितके ताणता येई. सोळाव्या व सतराव्या शतकांतील अशा करवती संग्रहालयांतून आजही पहावयास मिळतात. त्यांच्या लोखंडी चौकटीवर वेलबुट्टी कोरलेली असते, आणि मुठीस एखाद्या पक्ष्याच्या किंवा पशूच्या मस्तकाचा आकार दिलेला असतो. त्या दिसण्यात भव्य आहेत. पण चौकटीचा सगळा भार पात्याच्या वरच्या बाजूस येत असल्यामुळे हात जरासा कलंडला की पाते वाकते आणि खाचेत अडकते. ज्या क्षणी रोगी वेदनेने तडफडत असेल आणि चार माणसे त्यास धरून उभी असतील, त्या क्षणी करवत अडकणे याचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको.

कापलेल्या रोहिण्यांतून वाहणारे रक्त थांबविण्यासाठी त्या काळी तापविलेल्या लोखंडाने डाग देत. आंब्रुआझ पारे या फ्रेंच शस्त्रवैद्याने १५५२ साली एका वेढ्याच्या प्रसंगी अवयवच्छेद करताना डाग न देता रोहिणीचे तोंड दोऱ्याने बांधले, आणि १५६४ साली आपली ही पद्धत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पद्धत उत्तम होती. परंतु मांडी कापली असता एकामागून एक इतक्या रक्तवाहिन्या बांधाव्या लागत की, त्या बांधून होईपर्यंत रक्त रोखून धरण्याचा काही तरी उपाय हवा होता. तो उपाय १७१८ साली झां लुई पेती याने काढला. अवयवाभोवती पट्टा बांधून तो मळसूत्राने हळूहळू आवळण्याचे त्याचे साधन एका हाताने घट्ट वा सैल करता येत असे. या पट्ट्याने शस्त्रवैद्यास काही मिनिटांचा अवकाश दिला. पारेचा दोरा खऱ्या अर्थाने उपयोगात आला तो पेतीच्या पट्ट्यामुळे, असे म्हणावयास हरकत नाही.

अठराव्या शतकात करवतीचे रूपही बदलले. इंग्लंडातील शस्त्रवैद्यांनी चौकटीची करवत मागे टाकून सुताराच्या चूल कापण्याच्या करवतीसारखी करवत हाती घेतली. हिचे पाते रुंद असते, आणि ते वाकू नये म्हणून त्याच्या पाठीवर धातूची जाड पट्टी बसविलेली असते. मूठ पिस्तुलाच्या मुठीसारखी. वजन कमी, तोल चांगला, आणि पाते सरळ चालते. एक गैरसोय मात्र होती. पाठीवरची पट्टी हाडास लागली की करवत आणखी खोल जात नसे. लहान करवतींत यावर तोड म्हणून ही पट्टी बिजागरीने जोडलेली असे. खाच सुरू करताना ती खाली ठेवावयाची आणि खाच खोल गेली की वर उचलावयाची. फ्रान्स व जर्मनीतील शस्त्रवैद्य मात्र पुढेही पुष्कळ वर्षे चौकटीच्या करवतीलाच चिकटून राहिले. यावरून असे दिसते की, सरावलेल्या हाताला दोन्ही प्रकार चालत होते. करवतीच्या निवडीपेक्षा ती चालविण्याचे शिक्षण अधिक मोलाचे होते.

हे शिक्षण काय होते, ते त्या काळच्या शस्त्रक्रियेच्या पुस्तकांतून वाचावयास मिळते. करवत हाडावर टेकवून प्रथम मुठीकडचा भाग ठेवावयाचा आणि ती आपल्याकडे ओढावयाची, म्हणजे खाच नेमकी पडते व पाते घसरत नाही. मग लांब, सावकाश आणि हलके झोके द्यावयाचे. जोर लावावयाचा नाही, करवतीचे वजन पुरेसे असते. मांस करवतीत सापडू नये म्हणून टोकाशी फाडलेल्या कापडाने ते मागे ओढून धरावयाचे. मांडीत हाड एकच असल्यामुळे कापडास दोन शेपट्या पुरतात, गुडघ्याखाली दोन हाडे असल्यामुळे तीन लागतात. गुडघ्याखाली कापताना नडगीशेजारचे बारीक हाड आधी पुरे कापले जाईल अशी खबरदारी घ्यावयाची, नाही तर ते शेवटी हिसक्याने फुटते. सर्वांत नाजूक काम मात्र शस्त्रवैद्याचे नसून पाय धरणाऱ्या मदतनिसाचे असे. त्याने पाय जरा वर उचलला तर खाच मिटून करवत अडकते, जरा खाली सोडला तर हाड पुरे कापले जाण्यापूर्वीच मोडते आणि कपची निघते. करवत कितीही उत्तम असली तरी मदतनिसाचा हात अस्थिर असेल तर तिचा उपयोग शून्य, हे ही पुस्तके पुन्हा पुन्हा बजावतात.

या सर्व खटाटोपात वेळेला इतके महत्त्व का होते, हे युद्धांच्या इतिहासावरून कळते. नेपोलियनच्या सैन्यातील विख्यात शस्त्रवैद्य दोमिनिक लारे याने १८१२ सालच्या बोरोदिनोच्या लढाईत चोवीस तासांच्या अवधीत सुमारे २०० अवयवच्छेद केले, असे त्याने स्वतः नमूद केले आहे. चिंधड्या झालेला अवयव तत्काळ कापला तर माणूस जगण्याची आशा अधिक, थांबले तर ती कमी होत जाते, असा त्याचा अनुभव होता. भूल देण्याचे साधन नव्हते, त्यामुळे जी वेदना टाळता येत नाही ती निदान थोडक्यात आटोपावी, हाच दयेचा मार्ग होता.

१८१५ सालच्या वॉटर्लूच्या लढाईत इंग्रजांच्या घोडदळाचा सेनापती अर्ल ऑफ अक्सब्रिज याच्या गुडघ्यावर तोफेच्या माऱ्यातील गोळा लागला आणि त्याचा पाय कापावा लागला. शस्त्रक्रिया चालली असता त्याने हूं की चूं केले नाही. फक्त शस्त्रे काहीशी बोथट दिसतात एवढेच तो म्हणाला, असे सांगतात. त्याचा पाय ज्या करवतीने कापला ती करवत लंडनच्या नॅशनल आर्मी म्यूझियममध्ये जपून ठेवलेली आहे. हा सेनापती त्यानंतर कृत्रिम पाय लावून जवळजवळ एकोणचाळीस वर्षे जगला, आणि १८५४ साली वयाच्या ८५ व्या वर्षी वारला. संग्रहालयातील ती करवत पाहून अंगावर काटा येणे साहजिक आहे. पण तिने एका माणसास अर्ध्या आयुष्याइतकी वर्षे मिळवून दिली, हेही तितकेच खरे आहे.

अवयव कापून टाकणे हेच करवतीचे एकमेव काम होते असे मात्र नाही. अवयव वाचविण्यासाठीही करवती निघाल्या, आणि कल्पकतेच्या दृष्टीने त्या अधिक लक्षणीय आहेत. लीड्स येथील विल्यम हे याने १८०३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कवटीसाठी एका लहान करवतीचे वर्णन केले. तिच्या पात्याची एक कड सरळ व दुसरी अर्धवर्तुळाकार होती. पूर्वी कवटीस गोल भोक पाडण्यासाठी नळीच्या आकाराची करवत फिरवीत. ती हाडाची चकतीच काढून टाकी. हेच्या करवतीने फुटलेल्या हाडाचा हवा तेवढाच तुकडा काढता येऊ लागला.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या दोन स्कॉटिश वैद्यांनी साखळीची करवत पुढे आणली. घड्याळाच्या साखळीसारख्या कड्यांच्या एका बाजूस दात, आणि दोन्ही टोकांस मुठी. ही साखळी सुईच्या साहाय्याने हाडाखालून ओवून घ्यावयाची आणि दोन्ही हातांनी आळीपाळीने ओढावयाची. हाड खालून वर कापले जाते, त्यामुळे पलीकडील मांसास व रक्तवाहिन्यांस इजा होत नाही. अडलेल्या बाळंतिणीच्या कटीचा सांधा मोकळा करणे आणि सडलेला सांधा काढून बाकीचा अवयव वाचविणे, या दोन कामांसाठी ती योजिली होती. १८३० साली व्यूर्त्सबुर्ग येथील बेर्नहार्ड हाइने याने ही साखळी एका पट्टीभोवती अखंड फिरेल आणि हातातील दांड्याने चालेल असे यंत्र बनविले. आज जंगलात लाकडे तोडणारी साखळीची करवत ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हाइनेच्या यंत्राचे चित्र पाहून ओळख पटल्यावाचून राहणार नाही. १८५१ साली डब्लिनच्या रिचर्ड बुचर या शस्त्रवैद्याने चौकटीच्या करवतीचे पाते हव्या त्या कोनात फिरविता येईल अशी योजना केली, म्हणजे सांध्याजवळचे हाड वळणदार कापता येऊ लागले. इंग्रजीत या आडनावाचा अर्थ खाटिक असा होतो. पण त्याची करवत सांधा काढून अवयव राखण्याच्या कामी येत होती, हा योगायोग मौजेचा खरा.

इतक्यात एक मोठी घटना घडली. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बॉस्टन येथे विल्यम मॉर्टनने ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया होऊ शकते हे सर्वांसमक्ष दाखवून दिले. दोन महिन्यांनी, २१ डिसेंबर रोजी, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये रॉबर्ट लिस्टनने ईथर देऊन एका रोग्याची मांडी कापली. लिस्टन हा आपल्या काळातील सर्वांत वेगवान शस्त्रवैद्य म्हणून प्रसिद्ध होता. सुमारे अर्ध्या मिनिटात तो पाय वेगळा करी. पण त्या दिवशी रोगी निपचित पडलेला होता. लिस्टनने आयुष्यभर कमावलेला वेग त्या दिवसापासून हळूहळू अनावश्यक होत गेला. आता शस्त्रवैद्यास सावकाश, नीट पाहून काम करण्याची मुभा मिळाली. करवतीचे मोल ज्या एका गुणावरून ठरत होते, तो गुणच दुय्यम झाला.

वेदना गेली, पण मृत्यू गेला नाही. किंबहुना शस्त्रक्रिया सोपी झाल्यामुळे ती अधिक लोकांवर होऊ लागली आणि जखम चिघळून मरणाऱ्यांचा प्रश्न अधिकच उघडा पडला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धात एकट्या उत्तरेकडील सैन्याच्या नोंदींत सुमारे ३०,००० अवयवच्छेद आढळतात. बहुतेकांना भूल दिलेली होती, तरीही सुमारे चारांतील एक दगावला. एडिंबरा येथील जेम्स सिम्प्सनने १८६९ च्या सुमारास इंग्लंड-स्कॉटलंडमधील आकडे गोळा केले. मोठ्या रुग्णालयांत झालेल्या अवयवच्छेदांपैकी शेकडा ४१ रोगी मरण पावले होते. खेड्यापाड्यांतील वैद्यांनी रोग्याच्या घरीच केलेल्या तशाच शस्त्रक्रियांत मात्र शेकडा ११ च्या आसपास. दोन्हीकडचे रोगी सर्वस्वी सारखे नव्हते, असा आक्षेप त्या वेळी घेण्यात आला. पण फरक इतका मोठा होता की तो डोळ्याआड करता येत नव्हता. शेताच्या कामकऱ्यावर घरातील जेवणाच्या मेजावर जी करवत चालविली, तिच्याहून रुग्णालयातील करवत अधिक सुरेख होती. मग माणसे मरत होती ती कशाने?

याचे उत्तर त्या सुरेख करवतींच्या मुठीत दडलेले होते. पॅरिसचा शारिएर, लंडनचा वाइस अशा नामांकित कारागिरांच्या पेट्या या काळातील वैभवाचा नमुना आहेत. लाकडी पेटी, आत मखमल, आणि मखमलीच्या कप्प्यात प्रत्येक शस्त्राची जागा ठरलेली. करवतीची मूठ आबनुसाची किंवा हस्तिदंताची. ओल्या हातातून ती निसटू नये म्हणून तिच्यावर आडव्याउभ्या रेघांची बारीक जाळी कोरलेली. हाताच्या पकडीच्या दृष्टीने याहून चांगली योजना शोधून सापडणार नाही. पण त्या जाळीच्या प्रत्येक चौकोनात, पाते व लाकूड यांच्या सांध्यात, पाठीवरील पट्टीच्या फटीत आणि पेटीतल्या मखमलीत आदल्या रोग्याचे रक्त वाळून बसत होते. करवत पुसली जात असे, घासलीही जात असे. ती उकळली जात नसे, कारण उकळण्याचे कारणच कोणास ठाऊक नव्हते. शिवाय उकळली असती तर हस्तिदंत तडकले असते आणि लाकूड सैल झाले असते.

१८६५ पासून ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर कार्बोलिक अॅसिडने जखमा व शस्त्रे धुऊ लागला, आणि १८६७ साली त्याने आपले अनुभव प्रसिद्ध केले. त्याच्या स्वतःच्या विभागातील आकडे बोलके आहेत. ही पद्धत येण्यापूर्वी, १८६४ ते १८६६ या काळात, ३५ अवयवच्छेदांपैकी १६ रोगी मरण पावले. नंतर १८६७ ते १८६९ या काळात ४० पैकी ६. शस्त्रवैद्य तोच, रुग्णालय तेच, करवतीची घडण तीच. फरक पडला तो स्वच्छतेने. पुढे १८८० नंतरच्या दशकात बर्लिन येथे अर्न्स्ट फोन बेर्गमान व त्याच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या सामानास वाफ देऊन ते निर्जंतुक करण्याची पद्धत रूढ केली. वाफेच्या त्या पेटीत आबनूस, हस्तिदंत आणि मखमल यांना जागा नव्हती. काही वर्षांतच करवती अखंड धातूच्या, निकेलचा मुलामा दिलेल्या, गुळगुळीत मुठीच्या होऊ लागल्या. तीनशे वर्षांचे कोरीवकाम एका दशकात बाद झाले. ते बाद होण्यास कारण एकच होते: जे नीट धुता येत नाही ते रोग्याच्या उपयोगाचे नाही.

या नव्या कसोटीस सर्वांत चांगली उतरली ती एक अत्यंत साधी करवत. १८९४ साली फ्लॉरेन्स येथील लेओनार्दो जिली या प्रसूतिवैद्याने बाळंतिणीच्या कटीचे हाड कापण्यासाठी खरखरीत पिळाची तार वापरात आणली. तारेच्या दोन्ही टोकांस फासे, त्यांत अडकविण्यास दोन आकड्या, इतकेच तिचे साहित्य. साखळीच्या करवतीने जे काम केले जाई तेच काम ही तार करते. पण साखळीत कड्या होत्या, कड्यांत सांधे होते आणि सांध्यांत घाण होती. तारेत यांपैकी काही नाही. ती उकळता येते, वाफेत ठेवता येते, स्वस्त असते आणि झिजली की फेकून देता येते. तिलाही तिचे नियम आहेत. दोन्ही हात एकमेकांपासून दूर ठेवून तार शक्य तितकी सरळ ओढावी लागते, नाही तर ती तापून तुटते. वर पाण्याची धार धरावी लागते. जिलीची तार आजही वापरात आहे. जेथे वीज नाही अशा ठिकाणी, अपघातात अडकलेल्या माणसाची सुटका करताना, तसेच गाईम्हशींच्या पोटात मेलेले वासरू तुकडे करून काढण्याच्या पशुवैद्यकीय कामात अशी तार उपयोगी पडते.

विसाव्या शतकात विजेच्या करवती आल्या. अमेरिकेतील होमर स्ट्रायकर याने प्लास्टरचा साचा कापण्यासाठी थरथरत्या पात्याची करवत काढली, तिला १९४७ साली पेटंट मिळाले. पाते गोल फिरत नाही, ते अत्यंत थोड्या अंतरात मागेपुढे हलते. म्हणून कडक प्लास्टर कापले जाते आणि हलणारी मऊ कातडी सहसा कापली जात नाही. गुडघ्याचा सांधा बदलताना हाड कापण्यासाठी आज याच तत्त्वावरील करवती वापरतात. पण या वेगाने एक नवी काळजी निर्माण केली. हाड सुमारे ४७ अंश सेल्सिअस उष्णतेत एक मिनिट राहिले तर त्यातील जिवंत पेशींस अपाय होतो, असे १९८३ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखविले. म्हणून विजेची करवत चालू असताना पात्यावर क्षारयुक्त पाणी सोडीत राहावे लागते. हाताने सावकाश ओढलेल्या जुन्या करवतीस या एका बाबतीत मात्र नव्या यंत्राहून कमी भय होते. हाताच्या साध्या धातूच्या करवतीही नाहीशा झालेल्या नाहीत; शस्त्रांच्या व्यापाऱ्यांच्या याद्यांत त्या अजून असतात.

मग आबनुसाच्या मुठीच्या त्या जुन्या करवतींचा आज काय उपयोग? रोग्यावर त्या चालविणे अर्थातच शक्य नाही. लाकूडकामासही त्या वापरू नयेत, कारण धार लावताना कानस फिरली की मूळ दात नाहीसे होतात आणि वस्तूचा पुरावा म्हणून असलेला अर्थच पुसला जातो. हा पुरावा अनेक प्रकारे कामी येतो. १९९८ साली लंडनमध्ये क्रेव्हन स्ट्रीटवरील बेंजामिन फ्रँकलिनच्या जुन्या घराची दुरुस्ती चालू असताना तळघरात सुमारे १५ व्यक्तींच्या हाडांचे १,२०० हून अधिक तुकडे सापडले. कित्येक हाडांवर करवतीच्या खुणा होत्या. अठराव्या शतकात त्या घरात विल्यम ह्यूसन हा शरीरशास्त्राची शाळा चालवीत असे. ती हाडे तेथील विच्छेदनाची होती. खाचेची रुंदी, दातांनी उमटविलेल्या रेघांतील अंतर आणि शेवटी हाड कापले गेले की मोडले गेले, या खुणांवरून कापणाऱ्याचे हत्यार व त्याचा हात यांविषयी पुष्कळ अनुमान करता येते. अशा अनुमानास ताडून पाहण्यासाठी त्या काळची खरी करवत, मूळ दातांसह, शाबूत असावी लागते.

जुन्या वस्तूंचा शौक असणाऱ्यांस हे ध्यानात ठेवणे हिताचे आहे. बाजारात शस्त्रवैद्याची म्हणून विकली जाणारी करवत अनेकदा खाटकाच्या दुकानातील किंवा स्वयंपाकघरातील करवत असते. चौकट, पाते आणि लाकडी मूठ पाहून गिऱ्हाईक फसते. पात्यावरील किंवा मुठीवरील कारागिराचे नाव व पत्ता हा पहिला आधार. कारण हे कारखाने वेळोवेळी जागा बदलीत, आणि पत्त्यावरून करवतीचा काळ ठरविता येतो. घडणीची सफाई हा दुसरा. मूठ हा तिसरा आणि बहुधा सर्वांत विश्वसनीय. लाकूड किंवा हस्तिदंत, त्यावर कोरीव जाळी, असे असेल तर करवत साधारणपणे वाफेच्या पूर्वीची. मूठ अखंड धातूची व गुळगुळीत असेल तर ती त्यानंतरची. अशी वस्तू हाती आली तर तिला पॉलिश करू नये आणि गंज खरवडून काढू नये. तिच्यावरील डाग हाही तिच्या इतिहासाचा भाग असतो.

संग्रहालयात जाणाऱ्यांची नजर प्रथम करवतीच्या दातांकडे वळते, आणि सर्व भय त्या दातांत आहे असे त्यांना वाटते. वास्तविक दात शतकानुशतके जवळजवळ तेच राहिले, कारण हाड तेच राहिले. बदलत गेली ती मूठ. यास्तव पुढच्या खेपेस अशा कपाटासमोर उभे राहिल्यावर प्रथम मूठ पाहावी, आणि ती उकळत्या पाण्यात टिकली असती की नाही याचा विचार करावा. त्या करवतीखाली आलेला रोगी पुढे जगला असण्याचा संभव किती, याचा अंदाज पात्यापेक्षा मुठीवरूनच अधिक चांगला बांधता येतो.